आईच्या चालीने माथेरान

ठरवताना

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून डोंगरात कुठेतरी जायचं, एवढंच आधी नक्की होतं. सगळे म्हणजे आई-बाबा, मी, नवरा, आमची आठ वर्षांची लेक आणि नववीतला भाचा. चर्चा नेहमीप्रमाणे महाबळेश्वरपासून सुरू झाली आणि भंडारदऱ्यापर्यंत जाऊन आली. प्रत्येक ठिकाणी अडचण एकच होती. दिवसाचा अर्धाअधिक भाग गाडीत जाणार. पॉइंटपाशी उतरा, फोटो काढा, पुन्हा गाडीत बसा. सत्तरी ओलांडलेल्या आईला नेमका याचाच त्रास होतो. गाडीत बसून तिचे गुडघे आखडतात आणि उतरल्यावरची पहिली दहा पावलं जड जातात. त्याउलट झाडाखालच्या बऱ्यापैकी सपाट वाटेवर ती थांबत थांबत का होईना, तास-दीड तास आनंदाने चालते.

म्हणून माथेरान. तिथे वाहनं नाहीत. रुग्णवाहिकेसारखी निकडीची गाडी सोडली, तर मोटारी दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. वाहनबंदी त्याच्याही आधीपासूनची. गावात सगळ्यांनाच चालायचं असतं, त्यामुळे हळू चालणाऱ्या माणसाला आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होतोय असं वाटत नाही. घरातल्या वयस्कर माणसांना घेऊन जाताना मला ही गोष्ट देखाव्यापेक्षा मोठी वाटते.

नकाशा पसरून बसलो तेव्हा भाच्याने पॉइंट मोजायला सुरुवात केली. पॅनोरमा, लुईझा, इको, वन ट्री हिल, चौक, अलेक्झांडर, रामबाग, पॉर्क्युपाइन, गारबट... यादी संपेना. मी तिथेच नियम घातला: दिवसाला एकच दिशा. माथेरानचा माथा उत्तर-दक्षिण लांबट आहे. बाजार आणि स्टेशन साधारण मध्यावर, पॅनोरमा उत्तर टोकाला, चौक आणि वन ट्री हिल दक्षिणेला, तर शार्लट तलाव, इको आणि लुईझा पश्चिम कड्याला. सकाळी एका टोकाला आणि संध्याकाळी दुसऱ्या टोकाला जायचं म्हटलं, तर तरणी माणसंही थकतात. दुसरा नियम: आईची चाल ती सगळ्यांची चाल. ज्याला पुढे जायचंय त्याने जावं, पण कुणीतरी एक जण आईबरोबर थांबेल आणि ती पाळी बदलत राहील.

मुक्काम कुठे करायचा यावर मात्र मी बराच वेळ घालवला. माथेरानात झाडीत आत, कड्याजवळ सुंदर जुने बंगले आहेत, पण तिथून जेवायला, औषधाला, चहाला दर वेळी बाजारापर्यंत चालत यावं लागतं. आम्ही स्टेशनपासून जवळची, जेवणासह खोल्या देणारी जागा घेतली. तळमजल्याची खोली हवी, हे फोनवर दोनदा सांगितलं. शनिवार-रविवार टाळले. पावसाळा तर टाळायचाच होता, कारण त्या महिन्यांत नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन बंद असते आणि फक्त दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत शटल चालते. लेकीला गाडीतूनच जायचं होतं.

सोमवार

पुण्याहून पहाटेची गाडी पकडून कर्जत, तिथून लोकलने नेरळ. मिनी ट्रेन सकाळी मोजक्याच सुटतात आणि डबे लहान, त्यामुळे तिकिटासाठी लवकर रांगेत उभं राहणं हाच खरा उपाय. तिकीट मिळालं नाही तर टॅक्सीने दस्तुरी नाका आणि पुढे अमन लॉजहून शटल, असं दुसरं गणित तयार ठेवलं होतं. त्याची गरज पडली नाही.

वीसेक किलोमीटरच्या या प्रवासाला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. एवढ्या वेळात पुण्याहून मुंबईची बरीच वाट सरते, असं नवरा म्हणाला, पण ही गाडी हळू का चालते ते पहिल्या वळणांवरच कळतं. रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. डोंगराला एवढे घट्ट वळसे आहेत की रुंद मार्ग इथे बसलाच नसता. आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने काम उभं केलं. १९०४ मध्ये सुरुवात झाली, १९०७ मध्ये गाडी धावली आणि त्या काळात सोळा लाख रुपये खर्च आला. एका कुटुंबाने उभारलेली रेल्वे आपण आपल्या कुटुंबाला घेऊन बघतोय, हे मला मनापासून आवडलं.

जुम्मापट्टीला उतरून पाय मोकळे केले. पुढे वॉटर पाइप. मधला एकुलता एक बोगदा लेकीने श्वास धरेपर्यंत संपला. एका वळणावर डाव्या खिडकीत असलेली दरी पुढच्या वळणावर उजवीकडे येते, आणि खाली मघाशी आपण जिथून आलो ते रूळ दिसतात. बाबा लेकीला ते बोटाने दाखवत होते. २००५ च्या महापुरात हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला होता, २०१९ च्या पावसाने पुन्हा उखडला, आणि नेरळपासूनची गाडी परत धावायला ऑक्टोबर २०२२ उजाडलं. कड्याच्या बाजूला नव्याने बांधलेले कठडे आणि जाळ्या पाहिल्या की ही गाडी चालू ठेवण्यासाठी किती माणसं राबतात याचा अंदाज येतो.

स्टेशन अगदी बाजारातच. सामान हमालाकडे दिलं. आमच्या पाठीवरच्या पिशव्या होत्या, तरी आई-बाबांची बॅग उचलायला माणूस लागला असता. भाव आधी ठरवावा, दोघांनाही बरं पडतं.

मुक्कामी पोचल्यावर कळलं की खोली पहिल्या मजल्यावरची ठेवलीय. "तळमजला सांगितला होता," म्हटल्यावर काउंटरवरचा मुलगा वही चाळत राहिला. आईने "चालेल गं, चढेन मी," म्हणायला सुरुवात केली. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि तिथून हलले नाही. अर्ध्या तासात मागच्या बाजूची तळमजल्याची खोली मिळाली; लहान होती, पण दारातून थेट अंगणात पाऊल. वयस्कर माणसं अशा वेळी स्वतःच माघार घेतात. बोलायचं काम आपलं असतं.

संध्याकाळी फक्त खंडाळा पॉइंट. बाजारापासून इतका जवळ की आई कुठेही न थांबता पोचली. दरीवर निळसर धुकट थर होता, कठड्यावर माकडं होती. हातात पिशवी दिसली की ती येतात, म्हणून खाऊ खोलीतच ठेवला होता. शेजारच्या एका बाईंच्या हातातला मक्याच्या कणसाचा पुडा क्षणात गेला आणि लेक आईच्या मागे लपली.

मंगळवार

आजची दिशा पश्चिम. न्याहारी करून निघालो. मुख्य रस्त्यावर काही भागात पेव्हर ब्लॉक आहेत, पण आत वळलं की तांबडी माती. जांभ्याची ही माती बुटांत, मोज्यांत, केसांत जाते. घोड्यांच्या टापांनी ती उडत राहते आणि तिच्यात लीद मिसळलेली असते; दम्याचा त्रास असलेल्यांनी नाकाला रुमाल बांधावाच. पेव्हर ब्लॉकमुळे आई-बाबांना चालायला सोपं गेलं हे खरं, मात्र त्यावर घोड्यांचे पाय घसरतात अशी घोडेवाल्यांची तक्रार आहे. एका उतारावर घोडा पाय जपत उतरताना आम्ही पाहिला आणि ती तक्रार पटली.

वर फांद्या एकमेकींत गेलेल्या, जांभूळ, हिरडा, अंजनी. शिपाई बुलबुल सारखे बोलत होते. एका वळणावर भाचा अचानक थांबला आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. उंच फांदीवर शेकरू होतं, तपकिरी पाठ, पिवळट पोट आणि अंगापेक्षा लांब शेपूट. आपल्या राज्याचा प्राणी असं पुस्तकात शिकलेली लेक, तो एवढा मोठा असतो हे बघून गप्पच झाली. ते एका झाडावरून दुसऱ्यावर गेलं, तेव्हा फांदी बराच वेळ हलत होती.

शार्लट तलाव गावाला पाणी देतो, त्यामुळे तिथे पाय बुडवायचे नाहीत हे मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं. काठावर पिसरनाथाचं देऊळ. माथेरानचं हे ग्रामदैवत. आई देवळात बराच वेळ बसली. आम्ही कुणी घाई केली नाही.

तिथून इको पॉइंट जवळच. भाच्याने हाक मारली, समोरच्या कड्याने ती परत दिली. मग लेकीने आपलं नाव, आजीचं नाव, शाळेचं नाव असं सगळं दरीला ऐकवलं. समोर प्रबळगडाचा आडवा, सपाट माथा पसरला होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे २३ किल्ले मोगलांना दिले त्यांत हा होता, हे भाच्याला पाठ होतं. पण तहाच्या यादीतलं नाव आणि समोरचा डोंगर तो पहिल्यांदाच एकत्र बघत होता.

पुढे लुईझा पॉइंटला बाकीचे गेले. थांबायची पाळी माझी होती. आई आणि मी झाडाखालच्या कट्ट्यावर बसलो, आणि त्या सकाळचा सर्वांत चांगला तास तिथे गेला.

आई लग्नानंतर बाबांबरोबर इथे आली होती. तेव्हा दोघं हातरिक्षात बसले. पुढे एक माणूस ओढणारा, मागून दोघं ढकलणारे. "चढ आला की पुढच्या माणसाच्या छातीतून आवाज यायचा," आई म्हणाली. "मी ह्यांना म्हटलं, मी उतरते. हे म्हणाले, त्याची मजुरी बुडेल. मी म्हटलं, मजुरी पूर्ण द्या, पण मी चालते." आणि ती चालली. नव्या साडीची किनार तांबडी झाली, ती कधी पूर्ण निघालीच नाही. ही गोष्ट मी आधी कधी ऐकली नव्हती.

मी तिला सांगितलं की ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत अमानवी ठरवून सहा महिन्यांत थांबवायला सांगितलंय आणि त्या चालकांना ई-रिक्षा द्यायला सांगितलंय. ई-रिक्षांचा प्रयोग इथे डिसेंबर २०२२ मध्येच सुरू झाला होता. आईने लगेच विचारलं, "म्हणजे त्यांचीच माणसं चालवणार ना? की दुसरंच कुणी येणार?" नेमका प्रश्न तोच आहे. ज्यांनी पिढ्यानपिढ्या चढावर ओझं ओढलं, त्यांच्या हातात हँडल आलं तरच तो निर्णय पुरा झाला असं मला वाटतं.

बाकीचे परत आले तेव्हा ऊन चढलं होतं. येताना आम्ही चार ठिकाणी बसलो. दुपारी सगळे झोपले. संध्याकाळी बाजारात चपला आणि चिक्की पाहण्याखेरीज काही केलं नाही, आणि ते योग्यच होतं.

बुधवार

हा दिवस ठरवूनच वाटून घेतला होता. कुटुंबाने सगळा वेळ एकत्रच काढला पाहिजे हा हट्ट सहलीला जड जातो. लांब चालणाऱ्यांना अर्धा दिवस मोकळा मिळाला की उरलेला वेळ ते आनंदाने हळू चालतात.

उजाडताच मी, नवरा आणि भाचा दक्षिणेकडे निघालो. सकाळच्या त्या वेळी वाटेवर घोडे नव्हते, धुरळा नव्हता, थंडी चांगली बोचत होती. वन ट्री हिलपाशी कडा तुटून एक सुळक्यासारखा भाग पुढे आलाय. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट खाली चौक गावाकडून याच बाजूने वर आला आणि बाहेरच्या जगाला माथेरान कळलं, असं लिहितात. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी इथे वसाहतीचा पाया घातला. पण वाटा आधीपासून होत्याच. धनगर, ठाकर आणि कातकरी या डोंगरावर चढत-उतरत होते आणि आजही धोदाणीसारख्या पायथ्याच्या गावांतून माणसं पायवाटेने वर येतात. आम्हाला डोक्यावर मोळी घेतलेल्या दोघी भेटल्या. भाच्याने "किती वेळ लागला चढायला?" विचारलं, तर त्या नुसत्या हसल्या आणि न थांबता पुढे गेल्या.

चौक पॉइंटवरून इरशाळगड दिसतो. माथ्याजवळ नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, असलेला तो सुळका ओळखायला वेळ लागत नाही. त्याच्याच अंगावर इरशाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात दरड आली आणि ठाकरांची ती वाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. भाच्याला बातमी आठवत होती, जागा माहीत नव्हती. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग "पावसाळ्यात इथे यायचं का?" असं त्याने स्वतःहून विचारलं. मी म्हटलं, या डोंगरांचा पाऊस जवळून बघायचा असेल तर इथल्या लोकांना विचारून, ते सांगतील तेवढंच. कड्याजवळची निसरडी वाट आणि धुकं यात मुलांना घेऊन जायचं धाडस मी करणार नाही.

परतलो तेव्हा लेकीची घोड्यावरची रपेट झाली होती. दरफलक वाचून, घोडेवाल्याशी वेळ आणि अंतर दोन्ही ठरवून मगच बाबांनी तिला बसवलं. घोडेवाला पूर्ण वेळ लगाम धरून चालला. लहान मुलं असतील तर ही अट सोडू नये; घोडा कितीही शहाणा असला तरी माकडाने उडी मारली की बुजतो.

दुपारच्या जेवणानंतर अंगणात बाबांनी मुलांना भाई कोतवालांची गोष्ट सांगितली. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म माथेरानचाच, १ डिसेंबर १९१२ चा. आम्ही आलो तो आठवडा त्यांच्या जयंतीचा. गरीब नाभिक कुटुंबातला मुलगा शिकून वकील झाला, गावाच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाला, सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावेत म्हणून धान्यकोठ्या काढल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभारला. कारखान्यांकडे जाणारी वीज तोडण्यासाठी या दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी वेढलं आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. वय तीस.

लेकीने विचारलं, "आजोबा, ते याच रस्त्याने चालायचे?" बाबा म्हणाले, "दुसरा रस्ता होता कुठे?" कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणी मुलांना पॉइंटची नावं पाठ होतात. तिथे जन्मलेल्या माणसांची नावं त्यांना आपण सांगावी लागतात, आणि माथेरानात तर ती सांगितल्याशिवाय सहल पुरी होत नाही असं माझं ठाम मत आहे.

संध्याकाळी आई स्वतःहून म्हणाली, "आज जरा लांब जाऊ." अलेक्झांडर पॉइंटच्या वाटेने निघालो. सावली होती, चढ फारसा नव्हता. तिने काठी हातात धरली, माझा हात सोडला. पोचायला वेळ लागला तरी अंधाराआधी बराच अवकाश होता, कारण ठरवलेल्या वेळापेक्षा आम्ही लवकर निघालो होतो. येताना विजेरी लागली. आतल्या वाटांवर दिवे विरळ आहेत, प्रत्येकाकडे एक विजेरी हवीच.

गुरुवार

उतरताना मिनी ट्रेनचा हट्ट धरला नाही. पुण्याची संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून शटलने अमन लॉज आणि पुढे टॅक्सीने नेरळ असं ठरवलं होतं. आई-बाबा आणि सामान शटलने गेलं. आम्ही बाकीचे चालत निघालो. लेकीने एवढ्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं की इथे हॉर्न का ऐकू येत नाही. तिला उत्तर सापडायच्या आतच दस्तुरी नाक्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू आले.

नाक्यावर नुकतीच आलेली काही कुटुंबं गोंधळून उभी होती. एक जण त्यांना सांगत होता की शटल आज बंद आहे, घोडाच करावा लागेल. आम्ही तर शटलमधून उतरलेल्या आई-बाबांना शोधत होतो. नवऱ्याने त्या कुटुंबांतल्या एका गृहस्थांना बाजूला घेऊन सांगितलं, "गाडी चालू आहे. प्रवासी कर भरा, आत जा, अमन लॉज स्टेशन जवळच आहे. आजींना बसवून न्या." त्यांच्याबरोबरच्या आजी माझ्या आईएवढ्याच होत्या. पहिल्यांदा येणाऱ्यांनी नाक्यावर कुणाचंही ऐकण्याआधी स्टेशनपर्यंत स्वतः जाऊन बघावं. घोड्यावर बसायचं तर आपल्या मनाने बसावं. बहुतेक घोडेवाले सरळ आहेत आणि त्यांचं पोट या धंद्यावर आहे.

नेरळपर्यंतचा घाट तीव्र उताराचा आणि वळणांचा. आईला पुढच्या सीटवर बसवलं, चालकाला सावकाश घ्यायला सांगितलं आणि त्यानेही घेतली.

कर्जतच्या फलाटावर गाडीची वाट बघताना भाच्याने यादी काढली. पॅनोरमा राहिला, पॉर्क्युपाइन राहिला, गारबट राहिला. आईने ती यादी मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि पॅनोरमापुढे पेनने खूण केली. फेब्रुवारीत जायचं म्हणतेय. मुक्काम या वेळी उत्तरेकडे, अमन लॉजच्या बाजूला बघायचा, म्हणजे तिला अर्धंच अंतर पडेल. खोली तळमजल्याचीच, आणि ती लेखी घ्यायची.